सहा खांबांवरचे दात

माझ्या भावोजींना मी ‘केसभर’ म्हणायचे, तेही तोंडावर. मेव्हणीला तेवढा हक्क असतो आणि मी तो पुरेपूर वसूल केला. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं नुसतं माप घेतात आणि त्या मापावरून दात दुसराच कुणीतरी बनवतो, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. तो दुसरा कुणीतरी म्हणजे आमचे भावोजी. त्यांचा सगळा संसार केसाच्या हिशोबात चालायचा. हा दात केसभर उंच झालाय, तो केसभर आत घ्यायला हवा. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं दिसलं तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आधी उठून ते सरळ करायचे, मग जेवायचे.

लॅब घराच्याच पुढच्या खोलीत होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर गॅसची बारीक ज्योत, मेणाचा वास, घासायच्या यंत्राची घरघर. तीन भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, रांगेने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नंबर आणि तारीख. पहिल्यांदा आत आलेला माणूस दारातच थबकायचा. भावोजींच्या भुवयांवर कायम पांढरी धूळ असे. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा कुणीतरी एक स्थळ आणलं. मुलगा बघून गेल्यावर भावोजी म्हणाले, “माणूस बरा आहे, पण झोपेत करकरा दात खात असणार. घासून बोथट झालेत.” ते स्थळ मी नाकारलं आणि मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

वीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, आणि माणसाला गर्व करण्यासारखं काहीतरी असावं असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही. हे मी लिहायला बसले आहे ते त्यांच्या एका शब्दाबद्दल. तो एक शब्द ते खोटं बोलले आणि त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली.

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. कोपऱ्यावर माझी लॉन्ड्री आहे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. तिच्या वर्गातल्या मुलांना काहीच ऐकू येत नसे. मुलं तिच्या तोंडाकडे बघून शब्द ओळखायची आणि तिचं बघूनच बोलायला शिकायची. ‘प’ म्हणताना ओठ कसे मिटतात, ‘त’ म्हणताना जीभ दातांना कुठे टेकते, हे ती दिवसातून शंभरदा करून दाखवायची. घरी आमच्याशी बोलतानाही ती समोर तोंड करून, उजेडात उभी राहून बोलायची. पाठ करून बोलणं तिला जमतच नसे. भांडतानासुद्धा ती आधी समोर येऊन उभी राहायची आणि मग तोफ डागायची.

आमच्या आईच्या हिरड्या कमजोर होत्या, ती देणगी ताईला मिळाली. पंचेचाळिशीपर्यंत तिच्या वरच्या जबड्यातला एकही दात उरला नाही. भावोजींनी कवळी करून दिली, आणि त्यांनी केली म्हणजे ती चांगलीच असणार. पण शेवटी ती कवळी. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना सुटायची. ती सुटू नये म्हणून ताई वरचा ओठ ताणून धरायची. दोन-तीन महिन्यांत तिच्या लक्षात आलं की वर्गातली अकराच्या अकरा मुलं वरचा ओठ ताणून बोलायला लागली आहेत. त्या दिवशी ती शाळेतून आली, चपला न काढता माझ्या दुकानात बसली आणि रडली. म्हणाली, “मी त्यांना चुकीचं तोंड शिकवतेय गं.”

मग डॉक्टरांनी इम्प्लांटचं सुचवलं. हे डॉक्टर भावोजींचे जुने, वीस वर्षांचा विश्वास. वरच्या हाडात धातूचे सहा बारीक खांब बसवायचे. हाड त्यांना धरून घट्ट होईपर्यंत सहा महिने थांबायचं. मग त्या सहा खांबांवर धातूची एक सलग कमान आणि तिच्यावर सगळे दात, सहा स्क्रूंनी कायमचे आवळलेले. काढायला नको, सुटायला नको. खांब डॉक्टर बसवणार आणि दातांची कमान अर्थात भावोजी करणार. एवढं काम त्यांनी कुणाचंच केलं नसेल. बारा दिवस ते लॅबमधून फक्त जेवायला आणि झोपायला बाहेर पडले. मी एकदा म्हटलं, “भावोजी, लग्नात हार घालताना तरी एवढे मन लावून उभे होतात का?” तर म्हणाले, “तेव्हा केसभर चुकलं असतं तरी चाललं असतं.”

ताईची रजा संपत आली होती. शाळा उघडायच्या दिवशी ती हजर झाली नाही तर तिचा वर्ग दुसऱ्या बाईंना जाणार, असं मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं. शाळा सोमवारी उघडणार होती. कमान तोंडात बसवून बघायचं ठरलं शुक्रवारी.

त्या शुक्रवारी काय झालं ते मला सात वर्षांनी कळलं, पण ते इथेच सांगते. कमान खांबांवर नीट बसली आहे की नाही हे बघायची एक साधी रीत असते. सहाच्या सहा स्क्रू लावायचे नाहीत. एका टोकाचा एकच लावायचा आणि दुसऱ्या टोकाकडे बघायचं. काम अचूक असेल तर दुसरं टोक जागचं हलत नाही. चूक असेल तर ते उचललं जातं. डॉक्टरांना शेजारच्या खोलीतून तातडीची हाक आली. जाता जाता ते भावोजींना म्हणाले, “तुम्ही बघून घ्या, मी आलोच.” भावोजींनी उजव्या टोकाचा स्क्रू आवळला आणि डावं टोक उचललं गेलं. फार नाही, जाडसर कागद आत जाईल इतकं.

प्लास्टरच्या जबड्यावर तीच कमान चपखल बसत होती. म्हणजे त्यांचा हात चुकला नव्हता, मापच घेताना कुठेतरी हललं होतं. पुन्हा माप, पुन्हा साचा, पुन्हा कमान, म्हणजे आणखी पंधरा दिवस. आणि ताई खुर्चीत तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत होती. सहा महिन्यांनी तिच्या डोळ्यांत जीव आला होता. डॉक्टर परत आले आणि त्यांनी विचारलं, “बसलं?”

भावोजी म्हणाले, “बसलं.”

डॉक्टरांनी सहाही स्क्रू आवळले. सगळे आवळले की फट मिटते, दिसत नाही. पण कमान आणि खांब एकमेकांना ओढत राहतात, दिवसरात्र. निघताना डॉक्टरांनी ताईला बजावलं, “हे लक्षात ठेवा. खऱ्या दाताला मुळाशी जाणीव असते, तो दुखून सांगतो. हे खांब मुके आहेत. खाली हाड झिजलं तरी दुखणार नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं, आणि वर्षातून एकदा मी सगळं उघडून, साफ करून एक्स-रे काढणार. हे खांब काही सांगायला येणार नाहीत, आपणच विचारायला जायचं.”

सोमवारी ताई शाळेत गेली. संध्याकाळी आली ती सफरचंद खात जिना चढत होती. कचाकचा चावण्याचा आवाज माझ्या मजल्यापर्यंत येत होता. त्या वर्षीच्या मुलांचे ओठ सरळ झाले. ताई तोंडावर हात न धरता हसायला लागली. मी भावोजींना म्हटलं, “तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं.” ते यंत्राचं बटण दाबून कामाला लागले. मला वाटलं, विनय.

सहा महिन्यांनी दवाखान्याचं कार्ड आलं. भावोजी म्हणाले, “डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय. मी घरीच उघडून साफ करतो. उगाच कशाला तिथे ताटकळायचं?” आणि डॉक्टरांनी भेटीत विचारलं की भावोजी सांगायचे, “उत्तम आहे. मी बघतोय ना.” घरचाच माणूस दात बनवणारा, त्याच्यावर कोण शंका घेणार? ताईला तर कौतुक वाटायचं. शाळेत सांगायची, “माझा डॉक्टर माझ्याच घरी आहे.” भावोजींना भीती एवढीच होती की दवाखान्यात कमान उघडली आणि पुन्हा बसवताना कुणी तो एक स्क्रूचा प्रयोग केला, तर फट दिसेल. त्या भीतीपायी ताईची एकही तपासणी झाली नाही. एक्स-रे एकही नाही.

दुसऱ्या वर्षी ताईला तोंडात ‘टिक’ असा आवाज आला. एक स्क्रू सैल झाला होता. भावोजींनी तिला दिवाणावर आडवं केलं, दिवा डोक्यावर ओढला, स्क्रूच्या भोकावरचं पांढरं भरण खरवडून काढलं आणि स्क्रू आवळला. पाच मिनिटांचं काम. पुढच्या वर्षी पुन्हा तोच, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या शेजारचा. पुढेपुढे ते घरात नळ गळण्याइतकं नेहमीचं झालं. ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, तुमचा स्क्रू सुटलाय!” आणि मी खालून ओरडायचे, “ताई, त्यांचा पहिल्यापासूनच सुटलाय!” आम्ही हसायचो. भावोजीही हसायचे, पण हसताना ते तिच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, आणि तोंडाकडे न बघणारे भावोजी मी आधी कधी पाहिले नव्हते. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

सातव्या वर्षी मी इस्त्रीचे कपडे द्यायला वर गेले. ताई दिवाणावर आडवी, तोंड उघडं. दिव्याचा बल्ब गेला होता म्हणून भावोजींनी मला टॉर्च धरायला सांगितला. कमान साफ करून त्यांनी परत जागेवर ठेवली होती आणि उजवीकडचा एक स्क्रू फिरवत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत डावीकडचं टोक हिरडीवरून उचललं गेलं, डब्याचं झाकण उचकटावं तसं. भावोजींनी चट्कन बोटाने ते दाबून धरलं आणि उरलेले स्क्रू भराभर लावले. ताईला अर्थातच काही जाणवलं नाही. मुक्या खांबांवरच्या दातांना काय जाणवणार?

जिन्यात मी त्यांना अडवलं. “ते काय होतं?”

“काही नाही.”

“भावोजी, मी दिवसभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघते. मला काही नाही म्हणू नका.”

मग ते जिन्याच्या पायरीवरच बसले आणि शुक्रवारची ती गोष्ट त्यांनी मला सांगितली. शेवटी म्हणाले, “धाकटे, हिला सांगू नकोस. अगं, इतकी फट शंभरातल्या कितीतरी जणांची असते, जन्मभर काही होत नाही. सात वर्षं गेली की नाही सुखरूप? आता सांगून काय होणार? ती शाळेत तोंड उघडायला घाबरेल, बस.”

मी गप्प बसले. हे लिहिताना लपवत नाही. मला वाटलं, नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा. आणि खरं सांगायचं तर मला ताईचं हसणं मोडायचं नव्हतं. आपण गप्प बसलो की आपल्याला आपली कारणं फार सोज्वळ वाटतात. त्यानंतर मात्र मी वर त्यांच्याकडे असताना ताई काही चावायला लागली की माझा हात थांबायचा. पावाची कड, शेंगदाणे, बर्फाचा खडा. प्रत्येक कडकन आवाजाला मी आणि भावोजी एकमेकांकडे बघायचो आणि लगेच नजर फिरवायचो.

नवव्या वर्षी डावीकडचा एक स्क्रू तुटला. अर्धा बाहेर आला आणि अर्धा खांबाच्या आत राहिला. भावोजींनी दोन तास सुईने, टोकदार हत्याराने खटपट केली, पण निघेना. अशा वेळी लागतात ती अवजारं डॉक्टरांकडे असतात. त्यांनी ते भोक नुसतंच पांढऱ्या भरणाने बंद केलं आणि ताईला सांगितलं, “झालं.” आता सहा खांबांतला एक नावापुरता होता. सहा जणांचा भार पाच जण उचलत होते, आणि ते पाचही एकमेकांना ओढत होते. हे सांगायला भावोजी स्वतःहून खाली माझ्या दुकानात आले. सांगून झाल्यावर काउंटरवरच्या कपड्यांची एक घडी उलगडून पुन्हा घालत राहिले. मी म्हटलं, “आता तरी डॉक्टरांकडे न्या.” ते म्हणाले, “नेतो. पुढच्या महिन्यात नेतो.” तो महिना आला नाही. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांची मुलगी दवाखाना बघायला लागली, आणि भावोजींना आणखी एक सबब मिळाली की नवीन मुलीला काय समजणार.

दहाव्या वर्षापासून ताई म्हणायला लागली की तोंडाला कसलीतरी चव येते, लोखंडासारखी. ब्रशला रक्त लागायचं. सकाळी उशीवर पिवळट डाग असायचा, आणि ते अभ्रे माझ्याकडेच धुवायला यायचे. मी ते डाग ओळखले. ते अभ्रे मी बाकीच्या कपड्यांपासून वेगळे भिजवायचे. भावोजी विचारायचे, “दुखतंय का?” ताई म्हणायची, “छे, अजिबात नाही.” “मग झालं तर,” असं म्हणून ते लॅबमध्ये जायचे. मला मात्र डॉक्टरांचे शब्द आठवायचे आणि न दुखण्याचीच भीती वाटायची. ठणका लागला असता, गाल सुजला असता तर ती स्वतःच धावत गेली असती. आता घराबाहेर कुणालाच काही कळत नव्हतं, आणि घरातल्या ज्या दोघांना कळत होतं ते दोघंही तोंड शिवून बसले होते.

बाराव्या वर्षी एका रविवारी ताईची जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता तिशीची बाई, पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला. मीही वरच होते. चहा झाला. ताई तिला शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत होती आणि ती ताईच्या ओठांवर डोळे लावून ऐकत होती, म्हणजे बघत होती. मध्येच तिने कप खाली ठेवला. पुढे झुकली. ताईला म्हणाली, “पुन्हा म्हणा.” ताई पुन्हा म्हणाली. मग ती तिच्या जाडसर, चढ-उतार नसलेल्या आवाजात म्हणाली, “बाई, तुमचे वरचे दात खाली येतात.”

“कुठे गं? काहीतरीच.”

“येतात. ‘म’ म्हणता तेव्हा वर जातात. तोंड उघडता तेव्हा खाली येतात. सगळे एकदम.”

भावोजी लॅबच्या दारात उभे होते. ते हसले आणि म्हणाले, “भास झाला असेल तिला. उजेड कमी आहे इथे.” त्या बाईला त्यांचं बोलणं कळलं, कारण ती त्यांच्याही ओठांकडे बघत होती. तिने मान हलवली. नाही, असं. तिच्या नजरेला नजर देणं भावोजींना जमलं नाही. ती गेल्यावर ताईने आरशासमोर उभं राहून बोट दातांवर ठेवलं आणि हलवून पाहिलं. दात खरंच हलले.

दुसऱ्या दिवशी मी लॉन्ड्रीला कुलूप लावलं आणि भावोजींना न विचारता ताईला दवाखान्यात घेऊन गेले. पाच वर्षं उशिरा.

डॉक्टरबाईंनी जुनं कार्ड काढलं. पहिल्या ओळीनंतर सगळं कोरं. “बारा वर्षांत एकदाही आला नाहीत?” ताई म्हणाली, “माझे मिस्टर बघायचे ना घरी.” डॉक्टरबाईंनी कार्ड मिटलं. एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं दिसलं की उजवीकडच्या दोन खांबांभोवती पांढरं हाड होतं आणि उरलेल्या चारांभोवती काळं होतं. काळ्यात ते चार खांब नुसते लटकत होते. ताई पडद्याकडे बघत म्हणाली, “ह्यांना बोलवा.”

भावोजी वीस मिनिटांत आले. काखेत त्यांची छोट्या पेचकसांची डबी होती. त्यांना पडदा समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टरबाई स्क्रू उघडायला लागल्या. उजवीकडचे दोन सैलच झाले होते, ते नीट निघाले. तिसरा, चौथाही निघाला. पाचवा स्क्रू फिरवला तर स्क्रूबरोबर खांबच गोल फिरायला लागला. सहाव्यात तर तुटकाच होता, आणि वरच्या भरणाने तो खांब कमानीला चिकटून बसला होता. डॉक्टरबाईंनी हात थांबवला, मग दोन बोटांनी कमान धरून हलकेच खाली ओढली. कमान आली आणि तिला लटकलेले दोन खांबही हाडातून बाहेर आले. काही आवाज झाला नाही. ताईला दुखलंही नाही. खोलीत फक्त वास पसरला, आणि तो वास मी दोन वर्षं अभ्र्यांवर घेत होते.

डॉक्टरबाईंनी कमान ट्रेमध्ये ठेवली. म्हणाल्या, “हे सुरुवातीपासून नीट बसलेलं होतं का?”

त्या शुक्रवारी ती फट पाहिलेला माणूस खोलीत एकच होता. भावोजी ‘हो’ म्हणाले असते आणि मीही गप्प राहिले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. मी भावोजींकडे बघितलं. त्यांच्या भुवयांवर नेहमीची धूळ होती, ते खूप म्हातारे दिसत होते.

“नव्हतं,” ते म्हणाले. “मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी बसलं म्हणून सांगितलं.”

“मला पाच वर्षांपासून माहीत आहे,” मी म्हटलं. मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटेल. उलट मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरबाईंनी ट्रेवर कापड टाकलं. मग भावोजींना म्हणाल्या, “त्या फटीनेच हाड गेलं असं मी म्हणणार नाही. अशी कितीतरी कामं नीट टिकलेली मी बघितली आहेत. पण तपासणीला आल्या असत्या तर चौथ्या-पाचव्या वर्षी कळलं असतं. तेव्हा सगळं वाचवता आलं असतं.” भावोजींनी मान डोलावली. हे त्यांना आमच्या दोघींपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

ताई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिचा वरचा ओठ आत गेला होता आणि चेहरा एकदम आमच्या आईसारखा दिसत होता. तिने भावोजींना विचारलं. दात नसल्यामुळे शब्द फसफसत आले, तरी तिने नेहमीसारखं तोंड समोर करून, एकेक अक्षर सुटं करून विचारलं, “दर वेळी? स्क्रू आवळताना, दर वेळी?”

“दर वेळी,” भावोजी म्हणाले.

मग तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मलाही काहीतरी विचारेल. तिने तोंड पलीकडे वळवलं.

डॉक्टरबाईंनी पुढचं सगळं समजावलं. सैल झालेले उरलेले दोन खांब काढावे लागतील. उजवीकडचे दोन राहतील. जखमा भरल्या की त्या दोघांना पकडून बसणारी, काढता-घालता येणारी कवळी करता येईल. कायमचे दात पुन्हा बसवायला आता तिथे हाड नव्हतं. ताईने विचारलं, “वर्ग?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “बोलता येईल तुम्हाला. मुलांना तुमच्या ओठांवरून शिकता येईल का, ते मी सांगू शकत नाही.” शाळेत ताईच्या नोकरीची अजून दोन वर्षं होती. त्या वर्षी तिच्याकडे नऊ मुलं होती, आणि त्यांतली चार अजून पहिलेच शब्द शिकत होती.

दोन खांब त्याच दिवशी निघाले. ताईच्या तोंडात कापसाचे बोळे होते, बोलायला मनाई होती. डॉक्टरबाईंनी कवळीचा कागद भरायला घेतला. “काम कुठल्या लॅबला पाठवायचं?” त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच भावोजींकडे बघून थांबल्या, कारण बारा वर्षांत आणि त्याच्याही आधी त्या दवाखान्याचं सगळं काम त्यांच्याकडेच जात होतं.

ताईने हात पुढे करून पेन मागितलं. कागदाच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहिले आणि तो कागद डॉक्टरबाईंना दिला नाही, भावोजींच्या हातात दिला. मी शेजारीच उभी होते, मला वाचता आलं. ‘ह्यांच्याकडे देऊ नका.’

भावोजींनी कागद वाचला. दोनदा वाचला असावा, कारण त्यांना वेळ लागला. मग त्यांनी तो टेबलावर ठेवून हाताने सरळ केला, खिशातून पेन्सिल काढली आणि त्या तीन शब्दांखाली दुसऱ्या एका लॅबवाल्याचा पत्ता लिहिला. पेन्सिल खिशात ठेवताना त्यांना खिसा सापडेना.

“चांगला माणूस आहे,” ते डॉक्टरबाईंना म्हणाले. “नाही बसलं तर सांगतो, आणि पुन्हा करतो.”